उजव्या फ्लोटातला नट

वरशाच्या खाली कुंडलिकेचं पात्र एका ठिकाणी जरा रुंद आणि संथ होतं. तिथं एका रविवारी सकाळी सात वाजता मी आणि माझा पुतण्या गुडघाभर पाण्यात उभे होतो. पाणी गार होतं. ते गार असायचंच, कारण ते मुळात इथलं नाही. मुळशीच्या धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून आणि नळांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, टाटांची चक्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेत सुटतं. देशावरून पूर्वेच्या समुद्राकडे निघालेलं हे पाणी असं पाठ फिरवून आमच्याकडे येतं. कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांचं पोट त्याच्या सुटण्याच्या वेळेवर चालतं. पुढं डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडतं, वाटलं जातं आणि रोह्या-वरशाला पोचेतो अगदी शहाणं होऊन येतं.

त्या शहाण्या पाण्यावर आमचं विमान वेड्यासारखं गोल गोल फिरत होतं.

विमान म्हणजे अडीच फूट पंखांचं मॉडेल. पुतण्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पांढरं डेप्रॉन, थोडं बाल्सा लाकूड, मोबाइलपेक्षा हलकी बॅटरी आणि ऑनलाइन मागवलेली मोटर एवढ्यावर त्यानं पावसाळाभर बसून ते केलं होतं. निळा आणि चंदेरी रंग, चाकांच्या जागी दोन लांबट फ्लोट. मूळ विमान इंग्लंडचं, सुपरमरीन एस-५. १९२७ साली व्हेनिसच्या किनाऱ्यावर त्यानं श्नायडर ट्रॉफी जिंकली होती. आमचं मात्र नदीवरून उठायला तयार नव्हतं. मोटरचा जोर वाढवला की डावा फ्लोट पाण्यात दबायचा, नाक डावीकडे वळायचं आणि घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी फेरी सुरू व्हायची.

"काका, मोटर खराब आहे," पुतण्या म्हणाला.

मी तीस वर्षं धाटावच्या कारखान्यांत मेंटेनन्सची कामं केली. यंत्र चालत नसलं की पहिला आळ मोटरवर येतो आणि दहातल्या आठ वेळा मोटर निर्दोष सुटते, एवढं मला माहीत आहे. इथंही दोष तिचा नव्हता. पंखा एका दिशेनं फिरतो, तेव्हा तो बाकीच्या विमानाला उलट्या दिशेनं पिळतो. हवेत असताना हा पीळ पंखांवर सांभाळता येतो. पाण्यावर वेग नसताना तो सगळा एका फ्लोटावर येतो. १९३१ मध्ये याच घराण्यातलं एस-६बी पहिल्यांदा पाण्यात उतरवलं, तेव्हा तेही असंच स्वतःभोवती फिरत राहिलं होतं. आणि तिथं तर दोन हजारांहून जास्त अश्वशक्तीचं रोल्स-रॉइस इंजिन होतं. पंखा छोटा पडत होता. जास्त व्यासाचा बसवल्यावर विमान सरळ धावलं.

एस-५ची युक्ती याहून गमतीची होती. तिचा आराखडा करणारा रेजिनाल्ड मिचेल यानं सगळं पेट्रोल उजव्या फ्लोटात भरलं आणि तो फ्लोट डाव्यापेक्षा थोडा बाहेरच्या बाजूला बसवला. पीळ डावीकडे ढकलणार, तर उजवीकडे ओझं ठेवा. बैलगाडीत पोती रचणाऱ्या कुणालाही हे सुचलं असतं. रेसच्या विमानात ते करायला मिचेल लागला. मी खिशातून एक नट काढला, उजव्या फ्लोटला चीर दिली, नट आत सरकवला आणि वर टेप लावली. विमान सरळ धावलं. साठ-सत्तर फूट पाणी कापत गेलं, पण उठलं नाही. पाण्यानं त्याला जणू खालून धरून ठेवलं होतं.

एवढ्यावर घरी जायला हरकत नव्हती. पण कुंडलिकेच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्याची अडचण आली की तो खाली, खाडीकडे बघतो. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबतं रोह्यापर्यंत यायची. आपणही त्याच वाटेनं उलटं जाऊ, रेवदंड्याला होड्या बांधणाऱ्या कुणाला तरी विचारू, तिथून मांडव्याला आणि बोटीनं मुंबईला, असं ठरलं. विमान टीव्हीच्या खोक्यात गेलं आणि आम्ही एसटीत.

रोह्याहून चणेऱ्यामार्गे साळावकडे जाणारा रस्ता मला अलिबागच्या सगळ्या रस्त्यांपेक्षा आवडतो. त्यावर बघायला जावं असं नाव घेण्याजोगं काही नाही, हेच त्याचं बरं आहे. उजव्या हाताला खाडी दिसते, लपते, पुन्हा दिसते. भातं कापून झालेली, खाचरांत वालाची पेरणी. ओहोटीला खाडीचं पाणी चिखलातून एवढं आत सरकतं की होड्या कुशीवर झोपलेल्या असतात. पुतण्याच्या मांडीवर खोकं होतं आणि शेजारच्या आजींना त्यात कोंबडी आहे याची खात्री होती. मी त्यांना सांगितलं की विमान आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर मी गप्प बसलो.

एसटीचा वेळ पुतण्याला श्नायडर ट्रॉफीची गोष्ट सांगण्यात गेला. झाक श्नायडर हा फ्रान्समधल्या पोलाद-तोफांच्या कारखानदार घराण्यातला मुलगा. त्याला वाटलं, पृथ्वीवर एवढं पाणी आहे, म्हणजे उद्याची विमानं पाण्यावरच उतरणार. म्हणून त्यानं १९१२ मध्ये ट्रॉफी जाहीर केली. पहिली शर्यत १९१३ ला मोनॅकोत झाली. जिंकणाऱ्या विमानाचा अधिकृत वेग ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास भरला, कारण शेवटची रेषा नियमाप्रमाणे उडत न ओलांडल्यामुळे त्याला पुन्हा उडावं लागलं आणि तो सगळा वेळ मोजला गेला. अठरा वर्षांनी, १९३१ च्या शेवटच्या शर्यतीत, एस-६बीचा वेग होता ताशी ५४७ किलोमीटर. त्याच महिन्यात त्याच जातीच्या विमानानं ताशी ६५५ चा विक्रम केला. पाच वर्षांत तीनदा जिंकेल त्या देशाकडे ट्रॉफी कायमची राहणार, असा नियम होता; इंग्लंडनं १९२७, १९२९ आणि १९३१ अशी ती नेली. तिसऱ्या वेळी सरकारनं पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा लेडी ह्यूस्टन या श्रीमंत विधवेनं एक लाख पौंड टाकले. इटलीचं मॅकी-कास्तोल्दी ७२ वेळेत तयार झालं नाही. पण १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रांचेस्को आजेल्लोनं गार्दा तलावावर ते ताशी ७०९ किलोमीटरनं उडवलं. पिस्टन इंजिनाच्या सीप्लेनचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

"पण पाण्यावरचं विमान जमिनीवरच्यापेक्षा जोरात कसं?" पुतण्यानं विचारलं. "फ्लोट तर हवेत आडवे येणार."

येतातच. पण त्या काळी पंख्याच्या पात्यांचा कोन उडताना बदलता येत नसे. वेगासाठी बसवलेला पंखा सुरुवातीला हवेला धड पकडत नाही. पंखही तोकडे, म्हणजे उठायला वेग जास्त आणि धाव लांब. एवढी लांब धावपट्टी तेव्हा जगात कुठंच नव्हती. समुद्र मात्र सगळीकडे होता आणि फुकट होता. पुढं पात्यांचा कोन बदलणारे पंखे आले, पंखांना फ्लॅप आले, डांबरी धावपट्ट्या झाल्या आणि सीप्लेनची गरज पाच-सहा वर्षांत संपली. या विमानांचं मला आकर्षण आहे ते याचमुळे. जेमतेम बारा वर्षं ती जगातली सगळ्यांत वेगवान यंत्रं होती, आणि नंतर कुणालाच नको होती.

साळावचा पूल ओलांडला की समोर रेवदंडा. डाव्या हाताला खाडीचं तोंड आणि पलीकडे कोर्लईचा किल्ला समुद्रात शिरलेला. रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या तटाचे अवशेष आहेत, आणि पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या अफनासी निकितिन या रशियन प्रवाशाचं स्मारकही आहे. आम्ही दोन्ही सोडून थेट खाडीकाठी गेलो. तिथं एक होडी उलटी घालून डागडुजीला घेतली होती. काम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी खोक्यातलं विमान हातात घेतलं आणि लगेच पालथं केलं. आम्ही दोन महिने ते वरून पाहत होतो. त्यांना वरून पाहण्यात रसच नव्हता.

"तळ असा सपाट कुणी करायला सांगितला?" त्यांनी विचारलं.

पुतण्या म्हणाला, "फोटोवरून केलं."

"फोटोत तळ दिसतो का?"

नव्हता दिसत. संग्रहालयातली विमानं वरून, बाजूनं, समोरून टिपलेली असतात. फ्लोटाच्या पोटाखाली कॅमेरा घेऊन कोण लोळणार? मिस्त्रींनी बोटानं फ्लोटच्या मधोमध एक आडवी रेघ मारली. गुळगुळीत तळाला पाणी चिकटून राहतं, ते कुठंतरी तुटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मांडव्याला जाताय तर स्पीडबोट वर ओढलेली असेल तिच्या खाली वाकून बघा, एवढा सल्ला देऊन ते परत फळ्यांच्या फटींकडे वळले. चहा घ्या म्हटलं तर घेतला नाही.

सीप्लेनच्या शास्त्रात या रेघेला स्टेप म्हणतात; म्हणजे तळाला मध्येच दिलेली पायरी. चपटा दगड पाण्याला चाटत टप्पे घेत जातो, तसं फ्लोटला पाण्यात पोहण्याऐवजी पाण्यावर घसरावं लागतं. पायरीपाशी पाणी सुटतं, मागच्या तळाखाली हवा शिरते आणि पाण्याची पकड ढिली होते. म्हणूनच आरशासारखं शांत पाणी सीप्लेनला आवडत नाही. थोड्या लाटा असल्या की तळाखाली हवा शिरते. उतरतानाही शांत पाणी वैरी असतं, कारण पाणी नेमकं किती खाली आहे हे पायलटला कळत नाही. आमचं वरशाचं संथ पात्र, ज्याचा मला एवढा अभिमान होता, ते बहुधा सर्वांत वाईट ठिकाण होतं.

मांडव्यात मी खरोखर एका स्पीडबोटीखाली वाकलो. फायबरच्या तळावर लांबीच्या दिशेनं उभ्या धारा होत्या आणि मागे एक पायरी. सुरक्षारक्षक येऊन काय हरवलं म्हणून विचारून गेला.

मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो बोट २०२० च्या मार्चपासून सुरू आहे. गाड्या पोटात, माणसं वर. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद होतात, हिला तेवढी भीती नाही. तासाभराचा प्रवास. वरच्या डेकवर वारा एवढा होता की खोक्यावर दोघांना बसावं लागलं. तिथं पुतण्यानं मला विचारलं ते गेले दोन महिने त्याच्या मनात असणार: एवढी सुंदर विमानं होती, तर कुणी पुन्हा का बांधत नाही, उडणारी?

बांधली आहेत. अगदी एस-५चीच एक उडती प्रतिकृती १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाली. पण तिच्या नाकात होतं दोनशेच्या आसपास अश्वशक्तीचं छोटं कॉन्टिनेंटल इंजिन. मूळ विमानात नेपियर लायन होतं, बारा सिलिंडर तीन रांगांत, सुमारे नऊशे अश्वशक्तीचं. बाहेरून तीच, आतून वेगळीच. ही टीका नाही. धावतं लायन इंजिन मिळवायचं म्हणजे जगभरातल्या संग्रहालयांच्या दारात हात पसरायचे, आणि मिळालं तरी ते पाण्यावर न्यायला कुणाचा जीव होणार? ती प्रतिकृती १९८७ मध्ये कॉर्नवॉलमध्ये कोसळली आणि पायलट गेला. त्याचा मुलगा आता पुन्हा एस-५ बांधण्याच्या मागे आहे. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

इंजिन हा एकच पेच नाही. ही विमानं थंड कशी व्हायची, ते माझ्यासारख्या कंडेन्सरच्या गळक्या ट्यूबा बुजवत आयुष्य गेलेल्या माणसानं ऐकलं की पोटात गोळा येतो. रेडिएटर बाहेर काढला तर हवेत अडथळा होणार. म्हणून पंखाची कातडीच रेडिएटर केली. तांब्याच्या पातळ पत्र्यांचे दोन थर, मधून इंजिनचं गरम पाणी. तेल थंड करायला विमानाच्या दोन्ही कुशींवर पन्हळी. एस-६च्या वेळी तर इंजिन तापू नये म्हणून अंगावरचा मिळेल तो पृष्ठभाग कामाला लावला. त्या पत्र्याच्या हजार जोडांपैकी एक गळला की संपलं. तो जोड देणारे हात साउथॅम्प्टनच्या वुलस्टन कारखान्यात होते, ज्यावर १९४० च्या सप्टेंबरात बाँब पडले. आराखडे सापडू शकतात. पण झाळ देताना तांबं कधी पुरेसं तापलं हे ओळखणारी नजर आराखड्यात उतरवता येत नाही.

आणि इंधन. १९२९ आणि १९३१ च्या रोल्स-रॉइस आर इंजिनांना साधं पेट्रोल चालत नव्हतं. रॉड बँक्स नावाच्या तज्ज्ञानं त्यांच्यासाठी बेंझॉल आणि शिशाच्या संयुगाची मिश्रणं बनवली. ताशी ६५५ च्या विक्रमासाठी त्यात मेथॅनॉल आणि ॲसिटोनही होतं. धाटावच्या कुणाही सुरक्षा अधिकाऱ्याला ही यादी दाखवा, तो आधी पाण्याचा होज शोधेल. ही इंजिनं शर्यतीपुरती जगावीत एवढीच अपेक्षा होती. आज एखाद्यानं जसंच्या तसं बांधलं, तर तेही तेवढंच अल्पायुषी होणार. मग उडवायचं कशासाठी आणि किती वेळा?

पायलटांचं तर विचारूच नये. बसायची जागा इतकी खाली की पाण्यावर असताना पुढचं काही दिसत नाही. चष्म्यावर खारे तुषार. १९२८ च्या मार्चमध्ये फ्लाइट लेफ्टनंट किंकेड एस-५ घेऊन विक्रमाला निघाला आणि कॅल्शॉटजवळ समुद्रात गेला. उलट १९२९ चा विजेता वॉगहॉर्न. त्याच्या फेऱ्या मोजण्यात चूक झाली. एक फेरी बाकी आहे समजून तो पुढं गेला, पेट्रोल संपलं, पाण्यावर उतरावं लागलं आणि आपण हरलो म्हणून तो हताश झाला. शर्यत त्यानं आधीच जिंकलेली होती. या एका गोष्टीवर पुतण्या मनापासून हसला.

भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सीनं गिरगाव चौपाटी. दुपारचे दोन, वाळू तापलेली, लोकमान्यांच्या पुतळ्याजवळ शाळेची सहल. इथं, या पाण्यावर, २०१७ च्या ९ डिसेंबरला एक छोटं सीप्लेन उतरलं होतं. कोडिॲक जातीचं, जपानी कंपनीचं, स्पाइसजेटनं दाखवायला आणलेलं. गडकरी आले होते, गर्दी होती. शंभर सीप्लेन घेण्याच्या गोष्टी झाल्या. त्याआधी २०१४ मध्ये जुहूहून अॅम्बी व्हॅलीपर्यंत सीप्लेनची सेवा सुरू झाली होती. २०२० मध्ये अहमदाबादच्या साबरमतीवरून केवडियाला एक सुरू झाली आणि सहा महिन्यांत थांबली. प्रत्येक वेळी आपल्याकडे पहिल्या दिवसाचे फोटो भरपूर असतात. खाऱ्या पाण्यातून वर आलेलं विमान रोज गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, त्याचे रिव्हेट कुरतडले जातात, धुण्याला माणसं आणि जागा लागते. हे फोटोत येत नाही. पुन्हा तळाचीच गोष्ट.

याच चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मरुत्सखा नावाचं यंत्र उडवलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही वर्गात हात वर करून सांगितलं आहे. पुतण्यानं विचारलं, त्याची प्रतिकृती करता येईल का? मी बराच वेळ समुद्राकडे पाहिलं. चिराबाजारच्या माणसाबद्दल वाकडं बोलणं जिवावर येतं. पण एस-५चे फोटो आहेत, मापं आहेत, तिची धाकटी भावंडं एस-६ए साउथॅम्प्टनच्या आणि एस-६बी लंडनच्या संग्रहालयात उभी आहेत. मरुत्सखाचं यातलं काहीही नाही. ते उडाल्याचा भक्कम समकालीन पुरावाही नाही. नंतर त्या परंपरेतला ग्रंथ म्हणून पुढं आलेल्या वैमानिक शास्त्राची १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी विमानशास्त्राच्या कसोटीवर तपासणी केली. त्यातली विमानं उडू शकत नाहीत असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपद्यांनी काही खटपट केली असेल, त्या काळी ती करायला छाती लागली असेल. पण ज्याचं काहीच शिल्लक नाही त्याची प्रतिकृती होत नाही. नवं यंत्र होतं, ज्याला आपण जुनं नाव देतो.

आणि सगळं शिल्लक असलं तरी? २००३ च्या १७ डिसेंबरला, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यांच्या विमानाची अतिशय काटेकोर प्रतिकृती किटी हॉकला तयार ठेवली होती. धागान् धागा तपासलेला. पावसात वारा पडला आणि ती रुळावरून घसरून डबक्यात बसली. मला यात अपयश दिसत नाही. मूळ यंत्रालाही त्या हवेत हेच झालं असतं, इतकी ती खरी होती.

चर्चगेट गाठून लोकलनं विलेपार्ले, तिथून रिक्षानं जुहू. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहिलं की आत हेलिकॉप्टरांची वर्दळ दिसते. १९२८ मध्ये सुरू झालेलं हे मैदान पावसाळ्यात चिखल आणि भरतीचं पाणी साठून बंद पडायचं. टाटांची हवाई टपाल सेवा तेव्हा चंबूगबाळं उचलून पुण्याला जायची. म्हणजे जुहूला वर्षातले चार महिने सीप्लेनच हवं होतं, असं म्हणायला जागा आहे. इथंच १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन एक इंजिनाच्या पस मॉथनं उतरले. पुढं मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंटनं केला.

पन्नास वर्षांनी, १९८२ च्या त्याच तारखेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं. एकट्यानं. पण पस मॉथनं नाही. त्यांनी घेतलं लेपर्ड मॉथ, त्याच डी हॅविलंड कंपनीचं, तीन-चार वर्षांनी धाकटं. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, लेपर्डचा प्लायवुडचा. नेमक्या त्याच जातीचं विमान नसलं म्हणून उड्डाण अडलं नाही. आपल्याकडच्या सगळ्या पुनरावृत्त्यांत मला ही सर्वांत आवडते, कारण तिथं विमान बदललं होतं आणि माणूस तोच होता. एस-५च्या बाबतीत नेमकं याच्या उलट आहे. विमान तसंच्या तसं करता येईलही एखाद वेळेस. ते पाण्यावरून कसं उठवायचं हे अंगात भिनलेला एकही माणूस आता उरलेला नाही.

कुंपणाशी उभं राहून पुतण्यानं कांदिवलीच्या अमोल यादवांचं नाव काढलं. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचं विमान बांधणारा वैमानिक. ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं गेलं, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला नोंदणी मिळाली आणि चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. गच्चीवर विमान बांधणं हा भाग लोकांना सांगायला आवडतो. मला कागदांचा भाग जास्त मोठा वाटतो. स्वतः बांधलेलं यंत्र हवेत नेण्याची परवानगी मिळवायला बांधण्याइतकीच वर्षं जावीत, यात सुरक्षिततेचा किती वाटा आणि सवयीचा किती, हे ज्यानं एकदा तरी कारखान्यात बॉयलरच्या तपासणीची फाइल पुढं सरकवली आहे तो सांगू शकेल. तपासणी हवीच. १९८७ चं कॉर्नवॉल आठवलं तर दहा वेळा हवी. पण फाइल हाताळणाऱ्यानं कधीतरी विमान पालथं करून बघावं, रेवदंड्याच्या मिस्त्रींसारखं.

रात्रीची शेवटची गाडी आता आठवत नाही कुठली. दिव्याला बदलून रोह्यात उतरलो तेव्हा रिक्षा नव्हत्या आणि वरशापर्यंत खोकं डोक्यावर घेऊन चालत आलो.

पुढच्या आठवड्यात पुतण्यानं दोन्ही फ्लोट कापले. मधोमध, मिस्त्रींनी रेघ मारली होती तिथून मागचा तळ चार मिलिमीटर वर उचलून चिकटवला. कापलेल्या जागेतून आत गेलेलं पाणी निघालं आणि नट गंजलेला सापडला. तो तसाच उजवीकडे परत ठेवला. रविवारी आम्ही संथ पात्र सोडून वरच्या अंगाला, जिथं खडकांमुळे पाण्यावर सुरकुत्या असतात, तिथं गेलो. पहिल्या धावेत फ्लोटाच्या मागे पांढरी शेपटी उठली, तशी आधी कधी उठली नव्हती. दुसऱ्या धावेत विमान पाण्यावर टपटप आपटलं, एक, दोन, तीन वेळा, आणि चौथ्यांदा आपटण्याचा आवाज आला नाही.

ते हातभर वर होतं. पंधरा-वीस फूट गेलं असेल. मग उजवा पंख, त्या नटासकट, हळूच खाली कलला, टोक पाण्याला लागलं आणि विमान पालथं झालं. तळ वर. पायरी अगदी स्वच्छ दिसत होती.

"काका, आता नट काढायचा," पुतण्या ओरडला, "हवेत तो जड पडतोय!" आणि छातीभर पाण्यात शिरला. एस-५चं पेट्रोल उडता उडता जळत जायचं आणि उजव्या फ्लोटाचं ओझं आपोआप कमी व्हायचं. आमचा नट जळणार नव्हता.